हरलेल्याला पहिला फोन

सरपंच पहिला फोन नेहमी हरलेल्याला करायचे. सामना हरलेल्याला नव्हे. सौद्यात ज्यानं जास्त दिलं आणि कमी घेतलं, त्याला. जिंकलेल्याला काय विचारायचं, त्याचं बरंच चाललेलं असतं, असं ते म्हणत. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही. "काहून दिला?" का दिला, एवढंच वऱ्हाडीत विचारायचे आणि मग गप्प. समोरचा बोलून बोलून दमला तरी यांच्याकडून हूं की चूं नाही. त्या शांततेला घाबरून भल्याभल्यांनी खरं सांगून टाकलेलं मला माहीत आहे.

त्यांचं नाव वसंत पांढरीपांडे. ते कुठल्याही गावाचे सरपंच नव्हते. जबलपुरात राइट टाउनमध्ये राहायचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले होते. आजोबा कधीतरी वर्ध्याकडून नोकरीसाठी आले आणि घराणं इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि चिडले की दोन्ही एकदम. सरपंच ही पदवी त्यांना आमच्या लीगनं दिली होती.

ही लीग म्हणजे इंटरनेटवरचं खोटं क्रिकेट. खोटं म्हणजे अगदी पूर्ण. त्यातले खेळाडूसुद्धा खरे नाहीत, संगणकानं जन्माला घातलेले. नावंही तोच ठेवतो, आणि त्याला प्रांतांचं काही ज्ञान नसल्यामुळे गुरप्रीत नंबियार आणि फ्रान्सिस गायकवाड अशी माणसं तयार होतात. हे खेळाडू लहान वयात संघात येतात, फॉर्मात येतात, गुडघे दुखावून घेतात आणि एक दिवस निवृत्त होतात. सभासदांपैकी प्रत्येकाचा एकेक संघ. सामने संगणक खेळवतो. आपण फक्त संघ निवडायचा आणि एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करायची. या अदलाबदलीला आमच्यात सौदा म्हणत. प्रत्येक सौदा मंजूर किंवा रद्द करायचा अधिकार एकाच माणसाकडे असतो, आणि आमच्याकडे तो माणूस म्हणजे सरपंच. पैसे लावायचे नाहीत हा लीगचा पहिला नियम. वर्षाच्या शेवटी विजेत्याला एक पितळी करंडक मिळायचा, तोही फिरता.

एवढ्याशा गोष्टीसाठी मोठमोठी माणसं हमरीतुमरीवर यायची. मी बँकेच्या बदलीवर सांगलीहून जबलपूरला आले तेव्हा मला हा सगळा पोरखेळ वाटला होता. पण शहर नवीन, ओळखीचं कुणी नाही, आणि क्रिकेटचं वेड माहेरून घेऊन आलेलं. गणपतीत महाराष्ट्र समाजाच्या कार्यक्रमाला गेले तिथे नितीन बोकडे भेटला. त्याचा शहपुऱ्याला मटारचा व्यापार. माणूस गोड, बोलणं त्याहून गोड. "दीदी, एक टीम खाली आहे, घेऊन टाका," म्हणाला. मी घेऊन टाकली, आणि पंधरवड्यात त्यानंच मला फसवलं.

माझा सगळ्यात चांगला सलामीवीर त्यानं घेतला आणि बदल्यात एक वेगवान गोलंदाज दिला, ज्याचा गुडघा कामातून गेला होता. गुडघ्याची माहिती पडद्यावर एका कोपऱ्यात असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. काहून दिला म्हणून विचारल्यावर मी जे सुरू झाले ते थांबलेच नाही. शेवटी ते म्हणाले, घरी या, चहा घेऊन बोलू.

गेले. दारात शैलाकाकू उभ्या होत्या. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "नितीननं फसवलं का? या, बसा. त्या सोफ्यावर सगळेच बसून गेले." सरपंच अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसले होते. मे महिना सोडला तर तो स्वेटर त्यांच्या अंगावरून उतरलेला मी पाहिला नाही. त्यांनी माझी कैफियत शेवटपर्यंत ऐकली, मधेच तोडली नाही, चहा गार झाला तरी कपाला हात लावला नाही. मला वाटलं, जिंकले. मग ते म्हणाले, "फसलात हे खरं. पण फसणं म्हणजे अन्याय नाही. माहिती समोर होती, तुम्ही पाहिली नाही. बेवकूफी की अपील नहीं होती, मॅडम."

सौदा मंजूर झाला. मी इतकी चिडले होते की काकूंनी दिलेला चिवडाही नको म्हणाले, आणि चिवडा नाकारण्याचा माझा स्वभाव नाही. पुढे कळलं की सरपंचांनी नितीनलाही फोन केला होता आणि नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात गाठायची तुला लाज वाटत नाही का, म्हणून चांगलं फैलावर घेतलं होतं. मात्र ती त्यांची खाजगी गोष्ट. सरपंच म्हणून निकाल वेगळा आणि माणूस म्हणून राग वेगळा, ही वाटणी त्यांच्या डोक्यात पक्की होती.

नोकरीतली शेवटची अनेक वर्षं त्यांनी तक्रारीच्या खिडकीवर काढली होती. बिल जास्त आलं, मीटर पळतं, तार तुटली, हेच ऐकण्यात आयुष्य गेलं. दुसरा कुणी किटून गेला असता. यांना त्यातून माणसाची कुरकुर ओळखायचा कान मिळाला. "ज्याचं मीटर खरंच बिघडलं तो ओरडते," ते सांगायचे. "ज्यानं आकडा टाकून ठेवला, तो कधी खिडकीवर येत नाही. गुपचूप बिल भरून जाते." लीगमध्येही त्यांचं हेच माप होतं. सौदा झाल्यावर दोघंही थोडे कुरकुरले, की तो सौदा बरोबर. एकच ओरडला, तर एक फसला. दोघंही गप्प आणि दोघंही खूश दिसले, की सरपंच खुर्ची पुढे ओढून बसायचे.

असे गप्प होते अमोल आणि अतुल. हे दोघे सख्खे भाऊ, दोघांचे वेगळे संघ. बाद फेरीच्या तोंडावर थोरल्या अमोलनं आपला सगळ्यात भारी फलंदाज अतुलला देऊन टाकला, बदल्यात घेतला एक राखीव यष्टिरक्षक. लीगच्या ग्रुपवर आग लागली. दोघांना काढून टाका, मिलीभगत आहे, कुणी काय नि कुणी काय. सरपंचांनी रिवाजाप्रमाणे पहिला फोन अमोलला केला, आणि तो बिचारा त्या शांततेत रडायलाच लागला. धाकट्याची नोकरी गेली होती. घरात कुणाशी बोलत नव्हता, जेवत नव्हता. एवढी एक स्पर्धा जिंकला तर जरा माणसात येईल, म्हणून दिला.

आम्हाला वाटलं, आता सरपंच विरघळणार. त्यांनी सौदा रद्द केला. अमोलला म्हणाले, "त्याला पोहे करून खाऊ घाल. त्याच्यासोबत तिलवाऱ्याला जाऊन नदीवर बस. जे द्यायचं ते घरात दे. इथं त्याच्या हातात आयतं ठेवलं, तर आपल्याला जमत नाही म्हणून भावानं दिलं, हेच त्याला समजेल." अतुल ती बाद फेरी वाईट हरला. पण नंतर बरेच महिने तो दर रविवारी सरपंचांकडे येऊन बसायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याला नोकरी लागली तेव्हा पेढे आधी त्याच घरी आले.

स्वतःच्या बाबतीतही हाच खाक्या. त्यांचा स्वतःचा संघ होता आणि त्याचे सौदे त्यांनी स्वतः मंजूर करणं बरं दिसत नाही, म्हणून तेवढा अधिकार त्यांनी मेजर काळ्यांना देऊन ठेवला होता. मेजर इथल्या छावणीत नेमणुकीवर आलेले, सरळ माणूस. त्यांनी एकदा सरपंचांचा सौदा रद्द केला. सरपंच आठवडाभर कुरकुरत होते. मेजरला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, असं येईल त्याला सांगत होते, आणि सांगताना इतके मजेत होते की काकू म्हणाल्या, यांचं पोट आत्ता भरलं.

त्या खोट्या खेळाडूंवर त्यांचा फार जीव. त्यांना ते "जी" लावून बोलायचे. नंबियारजी आज थकलेले वाटले, गायकवाडजींचं लक्ष नव्हतं. कुणी निवृत्त झाला, की ग्रुपवर त्याला निरोप लिहायचे, अगदी मनापासून. काकू त्यावरून त्यांना टोचायच्या, की माझा सख्खा भाऊ निवृत्त झाला तेव्हा हे दाढी करत बसले होते. एवढं करून करंडक मात्र त्यांना कधीच मिळाला नव्हता. दोनदा अंतिम फेरीत येऊन हरले होते. संघ निवडताना ते म्हाताऱ्या खेळाडूंना वगळायचे नाहीत, आणि या खेळात म्हाताऱ्यांवर माया करणारा जिंकत नाही.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मंजूर केलेला सौदा पुन्हा मंजूर करायचे. नितीनला एका खेळाडूबद्दल विचारलं, तो केव्हाच निवृत्त झाला होता. त्याचा निरोपही यांनीच लिहिला होता. आम्ही हसलो, तेही हसले. मग एका दुपारी मी बँकेत असताना त्यांचा फोन आला. "मॅडम, तो सलामीवीर नितीनला काहून दिला?" मला क्षणभर समजेचना. मग कळलं, ते माझ्या पहिल्या सौद्याबद्दल विचारत होते. त्याला वर्षं लोटली होती. पलीकडे तीच शांतता. मी काउंटरवरच्या माणसाला हातानं थांबवलं आणि उत्तर दिलं, तेव्हा दिलं होतं तसंच, नितीनला शिव्या घालत. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि संध्याकाळी चहाला बोलावलं. मी गेले तेव्हा मला बोलावल्याचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

पुढे एकदा भाजी आणायला गेले आणि घर सापडेना. राइट टाउनमध्येच, जिथे जन्म गेला तिथे. ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. मग डॉक्टर, मग तपासण्या, आणि मग डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव घेतलं. सरपंचांना ते तोंडावरच सांगितलं, त्यांनीच तसा हट्ट धरला होता. सरपंचाचं काम त्यांनी आपण होऊन मेजरांकडे दिलं. स्वतःचा संघ तेवढा ठेवला. त्या मोसमात ते सगळ्यात खाली राहिले. गोलंदाज घ्यायचेच विसरायचे.

त्यांची एकुलती मुलगी अनघा पुण्याला असते. तिनं आम्हा सगळ्यांना, वडिलांना वगळून, व्हिडिओ कॉलवर एकत्र केलं. रडत नव्हती, पण रडून आली होती. डॉक्टर म्हणालेत त्यांचं मन गुंतवून ठेवा, असं म्हणाली. घराबाहेर एकटं जाणं बंद झालं, स्कूटर काढून घेतली, आता त्यांना हा एकच खेळ उरला आहे. "तिथे तरी त्यांना हरवू नका," ती म्हणाली. "एकदा जिंकू द्या ना."

सगळ्यात आधी हो म्हणाला नितीन. आणि मग सगळेच. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे हे लहानपणापासूनच शिकवलेलं असतं. आजोबांशी कॅरम खेळताना राणी त्यांना सोडायची, सासऱ्यांनी जुनाच विनोद केला तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचं. मोठ्यांना सांभाळून घेणं हा संस्कार आहे, फसवणूक नव्हे. मेजरांनी तेवढं विचारलं, की त्यांना कळलं तर? अनघा म्हणाली, कळणार नाही, आता त्यांना नाही कळत. वेगळा ग्रुप तयार झाला आणि त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून जी मिलीभगत केली, तशी त्या लीगमध्ये आधी कधी झाली नव्हती.

ज्या नितीननं उभ्या जन्मात कुणाला फुकट शेंग दिली नसेल, त्यानं थॉमस बिसेन देऊन टाकला. हा बिसेन म्हणजे लीगमधला सर्वोत्तम फिरकी गोलंदाज. बदल्यात नितीननं निवृत्तीला आलेला एक म्हातारा घेतला. मी माझे दोन फलंदाज दिले. अमोल-अतुलनी दिले. मेजर डोळे मिटून सगळं मंजूर करत गेले. सरपंचांनी काही विचारलं की आम्ही म्हणायचो, आमच्या संघाला हेच हवं होतं. त्यांच्या संघात गोलंदाज कमी पडले, की काकू त्यांच्या मागे बसून हळूच नाव सुचवायच्या; अनघानं त्यांना शिकवून ठेवलं होतं.

आणि ते जिंकले. आम्ही सगळे घरी गेलो, खोव्याची जिलेबी नेली, हार नेला. मेजर गणवेशात आले होते. सरपंचांचा चेहरा मी विसरणार नाही. लहान मुलासारखे लाजले होते. करंडक त्यांनी टीव्हीशेजारी ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस दूधवाला, गॅसवाला, कुणीही आला, की त्याला आत बोलावून दाखवायचे. अनघानं फोन करून आम्हा एकेकाचे आभार मानले. मलाही मनातून बरं वाटलं होतं.

त्याच हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, काकूंचा फोन आला. आज त्यांना बरं आहे, चांगलं बोलताहेत, तुम्हाला तिघांना बोलावलंय. नितीन, मेजर आणि मी. काकूंच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी गेले आपली आनंदानं. नितीन मटारची गोणी घेऊन आला होता. काकू खालीच बसून शेंगा सोलायला लागल्या. सरपंच खुर्चीत होते. अंगात तोच स्वेटर, दाढी केलेली, नजर स्वच्छ. असे दिवस तेव्हा क्वचित यायचे.

त्यांनी चहा येऊ दिला नाही. नितीनकडे पाहून विचारलं, "थॉमस बिसेन मला काहून दिला?"

आणि गप्प बसले. नितीननं व्यापाऱ्याच्या हुशारीनं दोन-तीन कारणं सांगून पाहिली. फिरकी जास्त झाली होती, म्हाताऱ्याचा अनुभव हवा होता, असं काय काय. सरपंच काहीच बोलले नाहीत. नितीनची कारणं संपली. मग तो खाली मान घालून हिंदीत म्हणाला, "आपके लिए दिया, काका."

मेजर पुढे झाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. अनघाचा फोन, वेगळा ग्रुप, सगळं. सैन्यातला माणूस, खोटं किती वेळ सांगणार? काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला वाटलंच होतं," सरपंच म्हणाले. "अख्ख्या सीझनमध्ये एकही माणूस कुरकुरला नाही. मी नावं विसरतो. काल काय खाल्लं ते विसरतो. पण कोणी कुरकुर करून नाही राहिलं, हे मला ऐकू येते ना."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, की काका, आम्ही प्रेमानंच केलं. ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"प्रेमानं केलं ते समजते मला. पण माझं ऐका. मी विसरून राहिलो, हे मला डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. मी रडलो, मग उठलो, चलो, ठीक है. पण किती गेलं आणि किती राहिलं, हे मला कोण सांगते? घरात सगळे म्हणतात, तुम्ही एकदम मस्त आहात. मला फक्त हरण्यावरून समजत होतं. मागच्या वर्षी खालून पहिला आलो, तर समजलं की बाबा, एवढं गेलं. मग यंदा जिंकलो. मला वाटलं, मी बरा होऊन राहिलो." ते थांबले. "मी हिला सांगितलं, मी बरा होऊन राहिलो म्हणून. आम्ही उन्हाळ्यात अनघाकडे जाणार होतो. मी एकटा तिकिटं काढायला जाणार होतो."

काकू तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. मेजर जमिनीकडे बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी पळून जाता आलं असतं तर मी गेले असते.

मग त्यांनी लॅपटॉप मागवला. मेजरांना म्हणाले, सरपंचकी थोडा वेळ मला परत द्या. विजेतेपद रद्द करायची सोय त्या खेळात असते, पण ती कुठेतरी आत दडलेली. त्यांना ती सापडेना. एक पान उघडायचे, थबकायचे, परत मागे यायचे. पुन्हा तेच पान. वाचताना ओठ हलत होते. नितीन मदतीला उठला, त्याला त्यांनी हातानं बसवलं. आम्ही तिघं तिथं बसून होतो, आणि त्या माणसाला स्वतःचाच विजय पुसायची जागा सापडत नव्हती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी सापडली. त्यांनी दाबलं, पडद्यावर आपल्या नावापुढची ती ओळ गेल्याची खात्री केली, आणि करंडक टीव्हीशेजारून उचलून मेजरांच्या मांडीवर ठेवला.

नंतर अनघानं मला फोन केला. आधी मेजरांवर चिडली, मग स्वतःवर. "मला त्यांना आनंदात बघायचं होतं, ताई. यात माझं काय चुकलं?" मी तिला म्हणाले, काही चुकलं नाही. दुसरं काय म्हणणार? आई-वडिलांपासून लांब राहणाऱ्या मुलीला जे सुचेल तेच तिला सुचलं होतं. पण ज्याला रोज आपलं काहीतरी हरवल्याचं जाणवतं, त्याच्याजवळचा शेवटचा खरा हिशेबही आम्ही पळवला, हेही तितकंच खरं. त्याचा मला अजून त्रास होतो.

लीग तिथेच संपली. कुणी बंद केली नाही, पण सौदे होईनात. नितीननं मला एक साधा सौदा सुचवला, चांगला होता, आणि मी मनात म्हटलं, हा मला का सांभाळून घेतोय? सगळ्यांचं तेच झालं. मेजरांची बदली झाली. करंडक त्यांच्याकडेच कुठल्यातरी पेटीत असेल.

त्या रविवारनंतर सरपंच भराभर खचत गेले. आजारच तसा आहे, तुमच्यामुळे नाही, असं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं. काकूंनी ते आम्हाला सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला, ठेवायलाच हवा होता. त्या घरात आता कुणीही आलं की मोठ्यानं आणि हसून बोलायचं. काय म्हणता काका, तब्येत झकास दिसते. काका, पुढच्या महिन्यात आपण फिरायला जाऊ. सरपंच प्रत्येकाकडे पाहत राहायचे. हसणाऱ्याचं हसू संपेपर्यंत पाहत राहायचे.

माझी नागपूरला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. फार वाळले होते. खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत काकूंचे एक चुलतभाऊ बसले होते, वर्ध्याहून भेटायला आलेले. काकू वाटीतून पेज भरवत होत्या. मी नाव सांगितलं, बँक सांगितली. काहीच ओळख पटली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना मिळून विचारलं, "मी बरा होऊन राहिलो का?"

"होऊन राहिले म्हणजे काय, झालेच समजा," पाहुणे म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास."

सरपंचांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही सांगा."

काकूंनी मला मान हलवून खूण केली, हो म्हणा. त्यांचे डोळे विनवत होते. मला त्यांना दुखवायचं नव्हतं, निदान जायच्या दिवशी तरी नव्हतं. पण सरपंच गप्प बसून वाट पाहत होते.

"नाही, सरपंच," मी म्हणाले. "तुम्ही बरे होणार नाही."

काकूंचा चमचा वाटीवर वाजला. पाहुण्यांनी मला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. सरपंचांनी मोठा श्वास घेतला, खांदे सैल सोडले आणि मागे टेकले. मग पाहुण्यांकडे बोट केलं.

"तू ऊठ," ते म्हणाले. "यांना बसू दे."